एका पत्त्यावर एकच माणूस

हल्ली कुठेही अर्ज भरताना चौकटीखाली लाल अक्षरांत "हा ईमेल आधीच वापरलेला आहे" असं आलं की लोक चिडतात. मी नाही चिडत. तोंडावर सांगतात ना, एवढं पुरे आहे मला. तोंडावर गोड बोलून वाटेला कसं लावतात, ते मी नगरमध्ये पाहिलंय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि क्लासच्या मालकांसाठी प्रोग्रॅमही लिहायचे. त्यांना सगळे सर म्हणायचे. शिकवण्याचा पगार होता, प्रोग्रॅम लिहिण्याचा नव्हता. प्रोग्रॅम लिहायला मिळतोय हेच माझं भाग्य, असं सरांचं मत होतं आणि ते मला वरचेवर ऐकवलं जायचं.

माझं गाव काष्टीच्या पलीकडे. आजोबांनी बाबासाहेबांमागोमाग दीक्षा घेतली, घरातले देव गेले, पण पत्त्यातली वस्ती काही गेली नाही. पाकिटावर वस्तीचं नाव लिहावंच लागायचं, नाहीतर पोस्टमन पत्र दुसऱ्याच आळीत टाकायचा. आणि ते नाव वाचलं की समोरच्याला पुढचं काही विचारायची गरज उरायची नाही. एकदा एका शाळेत मुलाखतीला गेले होते. सगळं छान चाललं होतं, मग बाईंनी अर्जावरचा पत्ता वाचला आणि मला पाणी हवंय का विचारलं. ती नोकरी मिळाली नाही.

म्हणून ईमेलचा पत्ता पहिल्यांदा मिळाला तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. अलीकडे माझं नाव, मधे तो गोल वळशातला ए, पलीकडे सगळ्या जगाला सारखंच. त्यात वस्ती नव्हती. माझ्या वस्तीत ईमेल असलेली मी एकटीच, त्यामुळे तो पत्ता लवकरच सगळ्यांचा झाला. कुणाला कुठे काही कळवायचं असलं की माझाच पत्ता द्यायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

अशात सरांना एक मोठं काम मिळालं. एमआयडीसीत येऊ घातलेल्या एका कारखान्याला आयटीआय झालेली मुलं हवी होती, आणि अर्ज म्हणे फक्त इंटरनेटवरून घेणार होते. सगळ्या जिल्ह्यात तो चर्चेचा विषय झाला. मुलं आमच्याच क्लासमध्ये येऊन अर्ज भरणार, बोलावणं ईमेलवर येणार. तो अर्ज मी लिहिला.

ईमेलची चौकट तपासणं सोपं होतं. गोल ए एकच हवा, दोन्ही बाजूंना काहीतरी हवं, पलीकडे टिंब हवं, मधे मोकळी जागा नको. चुकलं तर लाल अक्षरांत चूक दाखवायची. चाचणीसाठी मी गावाकडून आलेल्या काही विद्यार्थ्यांना बसवलं, आणि सगळीकडे लालच लाल. जाऊन बघते तर प्रत्येकाने पत्त्यापुढे जागा सोडून "पीपी" आणि आपलं नाव लिहिलेलं. त्यांचं काय चुकलं? तेव्हा घरी फोन कुणाकडे होता! किराणा दुकानाचा नाहीतर शेजारच्या गुरुजींचा नंबर द्यायचा आणि पुढे पीपी लिहायचं, म्हणजे फोन दुसऱ्याचा, हाक मला मारा. लग्नपत्रिकेवरसुद्धा असायचं. ईमेलही तसाच, ज्याच्याकडे आहे त्याचा द्यायचा आणि पीपी लिहायचं. मला हसू आलं आणि त्या पोरांबद्दल मायाही वाटली. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: पीपीपासून पुढचं कापायचं, पत्ता वेगळा ठेवायचा, नाव वेगळं ठेवायचं. आता एका पत्त्यावर कितीही जण अर्ज करू शकत होते.

शेवटी एक पान केलं. त्या वेळी मराठी अक्षरं प्रत्येक कॉम्प्युटरवर दिसायची नाहीत, म्हणून वाक्य टाइप करून त्याचं चित्र बनवलं आणि ते पानावर चिकटवलं: "आपला अर्ज मिळाला. आम्ही आपले आभारी आहोत." आपल्या पोरांशी एवढ्या आदराने कोण बोलतं, असं मनात होतं.

माझा थोरला भाऊ फिटर होता. साखर कारखान्यात हंगामापुरतं काम, एरवी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करत फिरायचा. या भरतीच्या वयोमर्यादेत बसण्याचं त्याचं ते शेवटचं वर्ष. मी गावी जाऊन निरोप दिला, आणि दादा त्याच्या मित्राला घेऊन एसटीने नगरला आला. मित्र आमच्याच वस्तीतला, बिचारा की-बोर्ड बघूनच घामाघूम झाला होता.

"तू भर आदी," दादा त्याला म्हणाला. "माझं काय, आपलं घरचंच हाय."

मित्राने माझा पत्ता लिहिला, पुढे पीपी, पुढे स्वतःचं नाव. पडद्यावर आभार आले. मग दादा बसला, त्यानेही माझाच पत्ता, पुढे पीपी आणि आपलं नाव लिहिलं. त्यालाही आभार आले. ते वाक्य त्याने मोठ्याने वाचलं आणि लाजल्यासारखा हसला. मग आम्ही स्टँडवर भजी खाल्ली.

काही दिवसांनी माझ्या ईमेलवर बोलावणं आलं. मित्राचं. दादाचं येईल म्हणून थांबले, नाही आलं. दादा दर रविवारी विचारायचा, "आली का गं मेल?" शेवटी न राहवून मी प्रोग्रॅम उघडला. पीपी कापायची माझी ओळ जागेवर होती. तिच्याखाली सरांनी मला न विचारता आणखी ओळी घातल्या होत्या: हा पत्ता आधी आलेला असेल तर अर्ज साठवायचा नाही, थेट आभाराच्या पानावर न्यायचं. त्यांनी माझी ओळ काढून टाकली असती तरी चाललं असतं. निदान लाल अक्षरं दिसली असती, दादाने मला हाक मारली असती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले.

"अगं, एका पत्त्यावर एकच माणूस हवा," सर म्हणाले. "दहा-दहा जण एकाच पत्त्यावरून येतात. खोटे अर्ज वाटतात ते."

"सर, आमच्या घरात एका पत्त्यावर आठ माणसं राहतात. ती काय खोटी आहेत?"

"तसं नाही गं. पण कंपनीला चांगल्या घरची मुलं हवीत. ज्याला स्वतःचा साधा ईमेल काढता येत नाही..." वाक्य त्यांनी हाताने पुरं केलं.

"मग अर्ज घेतला नाही एवढं तरी दाखवायचं होतं."

"दाखवलं की भांडत बसतात. आता तूच बघ ना."

नाकारलेले अर्ज कुठे साठवलेलेच नव्हते, तेव्हा परत काढायचे कुठून? यादी कंपनीकडे गेली होती. पुढच्या वेळी बघू, असं सर म्हणाले. पुढची वेळ आली तेव्हा दादा वयात बसत नव्हता.

अर्जाची पद्धत आधुनिक केली म्हणून सरांना कारखान्याने शाल-श्रीफळ दिलं. क्लासच्या भिंतीवर फोटो लागला. मी महिनाअखेरीस नोकरी सोडली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दादाचा मित्र लागला, पेढे घेऊन घरी आला. त्याच्यावर माझा राग नव्हता आणि आजही नाही, पण तो पेढा मी तसाच डब्यात ठेवून दिला. आता कुणी मला कॉम्प्युटरला जात कळत नाही म्हणून सांगितलं की मी विचारते, त्याला शिकवतं कोण?

दादाला सांगायचं टाळत होते. एका रविवारी त्याने पुन्हा विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. तो अंगणात कुणाची तरी मोटार खोलून बसला होता, हात ग्रीसने काळे. पहिल्यांदा त्याला कळेचना.

"म्हंजी माझा अर्ज नापास न्हाई झाला?"

"नाही दादा. तो घेतलाच नाही. तू भरलास, पण तिकडे काही गेलंच नाही."

त्याने हातातला बोल्ट फडक्याने पुसला.

"आन मग तायडे," तो म्हणाला, "आबार कशाचं मानलं गं त्येनी?"