गोरजाच्या वेळेची झूल

आमच्या नाचणगावच्या घरात एक पांढरी घोडी आहे, वरातीची. घोडी सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची. लीद मात्र माझ्या वाट्याची. सेवाग्रामच्या दवाखान्यात दिवसभर उभं राहायचं, एसटीत उभ्यानेच परत यायचं आणि आल्याबरोबर खराटा हातात घ्यायचा. बारा वर्षं हेच चाललं होतं. कंटाळा यायचाही मला कंटाळा आला होता.

मागच्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता घोडी अंग घासायला लागली. कडुनिंबाच्या बुंध्याला मान, भिंतीला शेपूट. आयाळ झडली, शेपटीच्या मुळाशी रक्त आलं. मामाजींनी दृष्ट काढली, करंजाचं तेल चोळलं. शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, खरूज नाही; चिलटं चावतात, ते हिला सोसत नाही. अंगभर झूल घाला.

झूल म्हटल्यावर मामाजींनी पेटीतून वरातीचीच काढली, लाल मखमलीची. झाकलं म्हणजे झालं! चार दिवसांत घोडी घामाने निथळली आणि मखमलीखालची कातडी आणखी सोलवटली. मग मी जुनी मच्छरदाणी फाडून एक शिवली. सकाळी पाहिलं तर तिच्या चिंध्या कडुनिंबाला लटकलेल्या. शेवटी मोबाइलवरून मागवली. बारीक जाळीची, मानेवर चढणारी, पोटाखालून पट्ट्याने बांधायची. पण निघाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. मामाजी बघतच राहिले.

“घोडी हाय का सर्कस हाय? लोकं हासतीन मले.”

“हासू द्या ना मामाजी. तिचं रक्त थांबलं पाह्यजे.”

डॉक्टरांनी बजावलं होतं, ऊन उतरायच्या आत घालायची आणि उजाडल्यावरच काढायची. चिलटांचा जोर संध्याकाळी. गोरज मुहूर्तावरच्या लग्नाची वरात निघते ती नेमकी त्याच वेळी. जाळी घातलेल्या घोडीवर नवरदेव बसणार नाही, आणि जाळी काढली की चिलटं टपलेलीच. माझ्या मनात आलं, वराती बंद म्हणजे घोडी विकावीच लागणार; सुटले एकदाची. खोटं कशाला बोलू?

तुळशीचं लग्न झालं आणि फोन सुरू झाले. मामाजी प्रत्येकाला एकच सांगत, “तारीख खाली हाय, घोडी खाली नाई.” मला घरी यायला अंधार व्हायचा, म्हणून जाळी तेच घालत. महिन्याभरात जखमा सुकल्या.

एका रविवारी मी घरी होते. आमच्याच गल्लीत लग्न होतं आणि वरातीची घोडी आर्वीहून आणली होती. मामाजी खाली वाकून पोटाखालचा पट्टा बांधत होते, तेवढ्यात बँड वाजला. आमच्या घोडीने कान टवकारले आणि त्या पट्ट्यापट्ट्यांच्या जाळीत, जागच्या जागी, तालावर पाय उचलायला लागली. मामाजींनी तिच्या मानेवर हात ठेवला.

“थांब वो माय. आपल्याले नाई बोलावलं.”

त्या घरची माणसं घोडी मागायला दोनदा आली होती. दोन्ही वेळा मामाजींनीच दारात उभं राहून नाही म्हटलं होतं, मी आतून ऐकलं होतं. मी पुढे होऊन अंगणाचं दार लावून घेतलं, पण घोडीचे पाय थांबेनात.