पायातल्या बोल्टांना तेल

मोटारींच्या कारखान्यात त्यांना सगळे संशयकाका म्हणायचे. तीस वर्षं प्रेस विभागात, पत्रे दाबून आकार देणाऱ्या यंत्रांपाशी, फिटर. कँटीनच्या चहात साखर जरा जास्त पडली तरी काकांच्या मनात पाल चुकचुकायची, आज साहेबांना आपल्याकडून काय हवंय? लोक हसायचे. हसोत बापडे! काकांचे किती संशय खरे ठरले, ते मात्र कुणी ध्यानात ठेवलं नाही.

परदेशी गाड्यांनी बाजार खाल्ला होता. कंपनी म्हणत होती, दोन वर्षं संप करू नका, कारखाना इथेच राहील. शनिवारच्या सभेत युनियन हात वर करून ते ठरवणार होती. गुरुवारी काकांना मोठ्या प्रेसच्या बुडाशी, जमिनीत रोवलेल्या बोल्टांवर ताजं तेल दिसलं. गंज सोडवायचं, उग्र वासाचं. ते बोल्ट एरवी कुणी सोडवत नाही; मशीन उचलून न्यायचं असेल तरच.

संध्याकाळी लेक-जावई जेवायला आले. जावई युनियनचा चिटणीस.

"बाबा, परवा हात वर करा. उगाच फाटे फोडू नका."

काकांनी ताट पुढे केलं, तर जावयाच्या बाहीला तोच वास!

"जावईबापू, आज प्रेसकडे गेला होतात?"

"मी? छे! दिवसभर ऑफिसात होतो."

"बाबा, आता घरातही सुरू झालात का?" लेक हसली. तिला सातवा महिना होता. काकांनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

शनिवारी करार वाचून झाल्यावर काका उठले.

"सही करू नका. संपाचा हक्क गेला की प्रेस हलवणार आहेत. बोल्टांना तेल घातलंय, जाऊन बघा."

"झालं यांचं सुरू!" हशा पिकला.

"कुणी घातलं, तेही सांगून टाका," अध्यक्ष म्हणाले.

काकांनी जावयाकडे पाहिलं. तो खाली मान घालून कागद चाळत होता.

"मी," काका म्हणाले. "साहेबांनी सांगितलं, मी घातलं."

हसू जागच्या जागी विरलं. चौघं धावत जाऊन बघून आले. मग एकही हात वर गेला नाही.

कामगारांनी प्रेसपाशी पहारा बसवला, प्रेस जागची हलली नाही. काकांशी मात्र कुणी बोलेना. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाकावर ते एकटेच. सोमवारी जावई डबा घेऊन त्यांच्यापाशी आला, घुटमळला, सगळे बघताहेत हे पाहिलं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.