शिवणीतली माया

अख्ख्या लातुरात रिकामं बसण्याचं काम मन लावून करणारा मी एकच माणूस पाहिला, आणि त्याच्यामुळेच मी कामाला लागलो. ते माझे घरमालक, टेलरचाचा. खाली त्यांचं दुकान, वर माझी भाड्याची खोली. समोरून क्लासची पोरं धावायची, ऑटो धावायचे. चाचा मात्र चारच्या ठोक्याला मशीनची बॉबिन काढून खिशात घालत आणि दारातल्या बाकावर तासभर बसत. त्या तासात पेपर वर्ज्य, गप्पाही वर्ज्य, कारण "ते बी कामच हाय." एकदा हळद लागलेला नवरदेव धापा टाकत आला, शेरवानीची बाही दंडात रुतत होती. चाचांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि पाचला बाही सैल करून दिली. तिकडे वऱ्हाड खोळंबलं, पण नवरदेव तेवढा शांत होऊन गेला.

मी हिमायतनगरकडच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. स्पर्धा परीक्षेत दोनदा आपटलेलो. तिसऱ्यांदा जमलं नाही तर गावी परतायचं, असं वडिलांशी ठरलेलं. म्हणून भिंतीवर मिनिटामिनिटाचं वेळापत्रक लावलं होतं. त्यात अंघोळीला सात मिनिटं होती. परीक्षा महिन्यावर आली आणि वाचलेलं डोक्यात शिरेना. सकाळपासून एकच पान उघडं. चाचा नळ आल्याचं सांगायला वर आले. मापं बघावीत तसं त्यांनी वेळापत्रक निरखलं आणि म्हणाले, "बेटा, माया सोडलीच न्हाईस तू. जरा ताण पडला की उसवंल हे."

शिवणीत आत दुमडलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, गावाकडं महिनोन्‌महिने फिरकलो नाही, म्हणून आईसाठी मी माया शिल्लकच ठेवली नाही, असं चाचा म्हणताहेत. मला रडूच फुटलं. चाचा पार गोंधळले. मग कानावरच्या खडूनं त्यांनी चार ते पाचवर काट मारली आणि मला खाली नेऊन बाकावर बसवलं. मी मनात सनावळ्या घोकू लागलो, तर म्हणाले, "ओठ हालून राहिले तुझे." महिनाभर मी रोज बसलो. आणि पास झालो.

आता मी नांदेडला सरकारी नोकरीत आहे. चाचांची नजर मंदावली, दुकान बंद झालं. ते अहमदपूरला लेकीकडे असतात. कधीमधी दुपारी फोन करतात. "काय करून राहिला?" समोर फायलींचा ढीग असतो, दाराशी माणसं उभी असतात. मी म्हणतो, "काही न्हाई चाचा, बसलोय." "हाव, बस," म्हणतात आणि फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.