पोह्यांच्या डब्यातला पंप

राज्य नवं झालं त्या वर्षी आम्ही रायपुरात, तात्यापाऱ्यात भाड्यानं राहत होतो. माझी नोकरी भनपुरीला, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. सरकारी नोकरांना दवाखान्याची सोय होती, मला नव्हती. बायकोला अकरा वर्षांपासूनचा दमा, म्हणून आरोग्य विमा काढायचं ठरलं.

एजंट आमच्या मराठी मंडळातलाच, गणपतीत आरती सांगणारा. त्यानं दोन योजनांचे कागद पलंगावर पसरले. पहिलीत दमा लिहिलेला चालत होता, पण त्याचा खर्च चार वर्षांनंतर मिळणार होता. दुसरीत सगळं दुसऱ्या महिन्यापासून, मात्र दमेकऱ्यांना ती कंपनी घेतच नव्हती.

"भाऊ, दुसरीच घ्या. फक्त दमा लिहू नका."

"अन् सापडलं तं?"

"कोण पाहते? खोकला कोणाले नाही रायपुरात? कंपनीनं साऱ्याईले सोडलं तं विमा काय भिंतीचा काढन?"

मी हसलो. दारात उभी असलेली बायको हसली नाही. "मले नाही पटून राहिलं. उद्या डॉक्टरनं विचारलं तं काय सांगू?"

"तुमी काहून सांगता वहिनी, भाऊ आहेत ना!"

जुना आजार? मी लिहिलं, नाही. सही तिची लागत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि केली.

त्या दिवसापासून तिचा तोंडात धरून ओढायचा पंप पोह्यांच्या डब्यात गेला. बाहेर जाताना पिशवीच्या तळाशी असायचा; चारचौघांत काढायचा नाही, हे मीच बजावलं होतं.

पुढल्या दिवाळीआधी पंडरीच्या बाजारात कापड घेताना, ताका उलगडता उलगडता तिला धाप लागली. ऑटोनं दवाखाना गाठेपर्यंत तिला बोलता येईना. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला.

डॉक्टरनं विचारलं, "पहले कभी हुआ है?"

"नहीं सर," मी म्हणालो. "पहली बार."

तिनं मान हलवली. श्वास पुरत नव्हता, तरी माझ्या खोट्याला तिनं होकार भरला.

"फिर पहले हार्ट देखते हैं," म्हणून डॉक्टर बाहेर गेला. नर्स मशीन आणायला गेली. बायकोचा हात पिशवीत शिरला, पंप बाहेर आला. आता ओढेल, असं मला वाटलं. तेवढ्यात नर्सची पावलं वाजली आणि तिनं तो उशीखाली सरकवला. तिची नखं निळी पडली होती.

मी बाहेर डॉक्टरकडे धावलो. "सर, ग्यारह साल से दमा है."

"तो अब तक चुप क्यों थे, भैया?"

मी त्याला आत आणलं. उशीखालचा पंप काढून त्याच्या हातात ठेवला.

संध्याकाळी ती बोलू लागली. पुढे दवाखान्याच्या कागदांत जुना दमा दिसला आणि कंपनीनं विमा रद्द केला, तो व्हायचाच होता.

ती आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "यायनं लगेच सांगतलं म्हणून वाचली मी." लगेच नव्हतं. तिला धाप लागली होती आणि मी दाराबाहेरच्या काउंटरकडे बघत होतो, विम्याचं कार्ड घेतात की नाही ते. तिचा हात पिशवीकडे गेला नसता तर मी किती वेळ तसाच बघत राहिलो असतो, ठाऊक नाही. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

पंप अजूनही पोह्यांच्या डब्यातच असतो. बाहेर ठेव म्हटलं की म्हणते, "राहू द्या, हात तिथंच जाते."