एका तालमीतले दोघे

एका तालमीतले दोन पैलवान जाहीर मैदानात एकमेकांशी कुस्ती धरत नाहीत. हा नियम कुठं लिहिलेला नाही आणि आम्हाला तो कुणी समोर बसवून सांगितलाही नव्हता. जेवायला उजवा हात लावायचा हे कुणी सांगतं का? तसंच ते. रोज सकाळी हौद्यातल्या तांबड्या मातीत आम्ही एकमेकांची हाडं खिळखिळी करायचो, ते वेगळं. पण बाहेर, चार लोकांपुढं, नाही.

मी गडहिंग्लज तालुक्यातला, नेसरीजवळच्या एका लहान गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीपुढं गेलं नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांनी मला कोल्हापूरला धाडलं ते कुस्तीसाठी. कॉलेजात नाव घातलं ते माझ्या हट्टापायी. "दोन दगडांवर पाय ठेवतोयास, पडशील," असं म्हणाले होते ते. मी पडलो नाही. बी.ए. झालो, आणि विद्यापीठाच्या संघातून कुस्तीही खेळलो. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. ज्याच्या घरात पदवी आधीपासून होती त्यानं संकोच करावा.

राहायला तालमीतच होतो. पहाटे जोर-बैठका, मग लढती, मग अंगावर चार तांबे ओतून सायकलवरनं कॉलेज. कानात माती तशीच. इतिहासाच्या तासाला मी मान हलवली की वहीवर तांबडे कण पडायचे. माझा जोडीदार चंदगडकडचा. तो कॉमर्सच्या कॉलेजात, मी आर्ट्सच्या. तालमीत शिकणारे आम्ही दोघंच, म्हणून बाकीचे पैलवान "काय वकीलसाहेब, आज कोणाला फाशी?" असं विचारून भंडावून सोडायचे. चार वर्षं आम्ही दोघं रोज एकमेकांशी झुंजलो. वळताना त्याचा डावा गुडघा किंचित उशीर करतो हे मला ठाऊक होतं. मी दमलो की आधी माझी मान खाली जाते हे त्याला.

वस्ताद साठीकडं झुकलेले, दोन्ही कान मोडलेले, बोलायला महाग. लढत चालू असताना हौद्याच्या काठावर बसून राहायचे आणि मध्येच एखादं वाक्य टाकायचे, ते मात्र आयुष्याला पुरायचं. "समोरच्याच्या डोळ्यांत बघू नगंस. डोळं खोटं बोलत्यात. कंबर बघ. कंबरंला खोटं बोलाय येत न्हाई." किंवा, पाय धरला गेल्यावर घाबरून ओढाओढ करणाऱ्याला, "पाय त्याला दिलास न्हवं? मग वझंबी दे की!" म्हणजे पाय सोडवत बसू नकोस, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाक. पुढं मी शाळेत शिक्षक झाल्यावर पोरांना हेच शिकवलं. यापेक्षा चांगलं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना विद्यापीठाच्या संघाची निवड जाहीर झाली. एका वजनात सगळ्या कॉलेजांतून एकच जण जाणार. मी अडुसष्ट किलोत नाव घातलं. आठ दिवस आधी जोडीदार यादी घेऊन तालमीत आला, सायकल भिंतीला आपटून.

"गड्या, तू अडुसष्टला हाईस?"

"व्हय. का?"

"म्याबी."

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं तेच माझ्याही असणार. दोघांनाही संघात जायचं होतं, आणि दोघांचंही हे शेवटचं वर्ष होतं.

वस्तादांना सांगितलं. मी आपलं शहाणपण चालवलं. "वस्ताद, ही मातीतली कुस्ती न्हवं. मॅटवरची हाय. कॉलेजची. त्याला काय मैदान म्हणत न्हाईत. चालंल की."

"मॅटच्या खाली जमीनच हाय न्हवं?"

"हाय."

"मग?" त्यांनी मिशीवरनं हात फिरवला. "तुमी दोघं लढलासा तर तुमच्यातला कोणबी जिंकंल. हरणार मीच."

"मग मी नाव मागं घेतो," जोडीदार म्हणाला.

"तू का म्हणून? मी घेतो," मी म्हणालो. पण माझा आवाज काही खरा नव्हता आणि त्याचाही नव्हता.

वस्तादांनी विचारलं, अडुसष्टच्या खाली काय आहे? मी म्हणालो, बासष्ट. कॉलेजच्या काट्यावर माझं वजन साडेपासष्ट भरलं होतं. जोडीदार माझ्यापेक्षा जड. म्हणजे उतरायचं तर मीच, साडेतीन किलो, आठ दिवसांत.

वस्तादांचा चेहरा पडला. या माणसानं जन्मभर पोरं वाढवली होती. कुणी आला तेव्हा कसा काडीसारखा होता आणि दोन वर्षांत त्याची मान कशी रेड्यासारखी झाली, हे सांगताना त्यांना जेवणाची शुद्ध राहत नसे. "पैलवानाला बारीक करायचं?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील, वस्तादाच्या घरात दूध आटलं?" पण अखेर मांडीवर थाप मारून उठले. "करू. उद्यापास्नं तुझं दूध बंद. थंडाई बंद. मीठ बंद. घोंगडं घे आणि रंकाळ्याला फेऱ्या मार."

वजन बघायला आम्ही मार्केटात गुळाच्या एका अडतीवर जायचो. तिथला मापाडी वस्तादांच्या ओळखीचा. गुळाचे रवे जिथं तोलायचे त्याच काट्यावर मी लंगोटावर उभा राहायचो आणि मापाडी, जसा गुळाचा आकडा पुकारायचा तसाच, माझा पुकारायचा. पहिल्याच दिवशी साडेचौसष्ट! वस्ताद खूश. "बघितलास? नुसतं दूध तोडलं तर एका दिसात किलो गेलं!"

पुढचे दिवस काय काढले ते माझं मला माहीत. भर उन्हात घोंगडं पांघरून पळणाऱ्या माझ्याकडं बघून रंकाळ्यावरच्या बायका पोरांना जवळ ओढायच्या. तालमीत सगळे तांब्याभर दूध लावत असताना मी ताटात दोन गाजरं घेऊन बसायचो. जोडीदार माझ्याकडं पाठ करून जेवायचा. "तुझ्याकडं बघून घास उतरत न्हाई लेका," म्हणायचा, आणि दुसरी भाकरी घ्यायचा.

निवडीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभा राहिलो. मापाड्यानं आकडा पुकारला, "बासष्ट!" हमालांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी मापाड्याला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवडीच्या जागी, डॉक्टरकडं असतो तसल्या पांढऱ्या काट्यावर चढलो. निवड समितीचे सर चष्मा वर करून म्हणाले, "बासष्ट किलो नऊशे. नाही बसत."

मला वाटलं काटा चुकला. जोडीदार चढला, त्याचं वजन बरोबर भरलं. मी पुन्हा चढलो. बासष्ट नऊशे. वस्ताद काट्याच्या खाली वाकून बघत होते, कुणी पाय टेकलाय का म्हणून. जोडीदार एकदम म्हणाला, "वस्ताद, तुमचा मापाडी कडता धरतोय!"

गुळाच्या रव्याला कापड, गोणपाट असतं. त्याचं वजन वजा करूनच आकडा पुकारायचा, त्याला कडता म्हणतात. त्या भल्या माणसाच्या जिभेला तीस वर्षांची सवय. त्यानं माझाही किलोभर कडता कापला होता, रोज, न चुकता.

वस्ताद डोक्याला हात लावून म्हणाले, "आरं, उघड्या पैलवानाला कसलं गोणपाट!"

सर घड्याळाकडं बघत म्हणाले, "तासाभरात वजनं बंद होतील. एवढं कशाला मनाला लावून घेता? अडुसष्टमध्ये नाव आहेच तुमचं. तिथं लढा."

तिथं लढा. म्हणजे जोडीदाराशी. तो माझ्याशेजारीच उभा होता आणि त्यानं अंगातला सदरा काढला.

"चल. पळ."

"तू कशाला? तुझी कुस्ती हाय."

"एकटा पळलास तर तू निम्म्यात बसणार. मला तू म्हाईत हाईस. चल, मर्दा."

अंगावर घोंगडं, वर वस्तादांचं धोतर गुंडाळलेलं, आणि मी मैदानाला फेऱ्या मारू लागलो. जोडीदार पुढं. मी मंद झालो की मागं येऊन पाठीत ढकलायचा. "नेसरीची म्हस कुठं चालली रं? बाजारला?" मी शिव्या द्यायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. वस्ताद मधोमध उभे, नुसत्या लंगोटावर, फेऱ्या मोजत. कॉलेजची पोरं-पोरी वऱ्हांड्यात जमून बघत होती. एरवी मला लाज वाटली असती. त्या दिवशी वाटलं, बघू देत. बघून शिकण्यासारखंच चाललंय.

पाऊण तासानं काट्यावर चढलो. बासष्टच्या वर अजून दांडी उचलत होती, फार नाही, पण उचलत होती. अंगात घाम उरला नव्हता. वस्तादांची नजर माझ्या डोक्यावर गेली. कॉलेजला आल्यापासून मी केस मानेपर्यंत वाढवले होते, सिनेमातल्यासारखे. त्यावरून ते मला चार वर्षं बोलत होते.

"समोर न्हावी हाय," ते एवढंच म्हणाले.

खुर्चीवर बसायलाही वेळ नव्हता. उभ्यानंच त्यानं वस्तरा फिरवला. परत आलो तेव्हा सर पिशवी आवरत होते. काट्यावर चढलो. दांडी थरथरली आणि बासष्टवर आडवी झाली. सरांनी आकडा लिहिला. जोडीदारानं माझ्या चकोट डोक्यावर थाप मारली आणि मग कुठं भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या पोटऱ्या उडत होत्या, ते मी तेव्हा पाहिलं.

बासष्टमध्ये तिघंच होते. त्यातला एक वजनातच बसला नाही. राहिला एक, सांगलीकडचा, मॅटवर तयार झालेला. वस्तादांनी मला लिंबू-मीठ घातलेलं पाणी घोटाघोटानं दिलं. "ढसाढसा पिऊ नगंस, पोटात डबकं हुईल. आता ऐक. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या हायत म्हणं. तुझ्यात एकीचाच दम हाय. पहिल्या फेरीत त्यो तुला खेळवणार. खेळ. एक-दोन गुण जाऊ देत. त्यो धीट झाला की पायाला येणार. त्यावेळी तुझा. आणि खांदं लावलंस तर शिट्टी वाजंस्तवर सोडायचं न्हाई. हितं माती न्हाई, हितं शिट्टी हाय."

तसंच झालं. त्यानं मला दोनदा मागं रेटलं, गुण घेतले. मग त्याचे डोळे माझ्या डोक्याकडं आणि हात खांद्याकडं, पण कंबर खाली बसली, म्हणजे आता पायाला येणार. मी त्याचा हात काखेत दाबला, आत शिरलो आणि कमरेवर घेऊन फेकला, ढाक मारली. रोज सदुसष्ट किलोच्या गड्याला उचलणाऱ्याला बासष्टचा तो हलकाच लागला. त्याचे खांदे मॅटला लागले आणि मी डोळे मिटून शिट्टीची वाट बघत राहिलो. ती वाजली.

उठता येईना. पण जोडीदाराची कुस्ती पुढचीच होती, म्हणून मी गुडघ्यांवर रांगत मॅटच्या कडेला गेलो. त्याचे पाय उचलत नव्हते. दुसऱ्या फेरीअखेर तो मागं होता. समोरच्यानं तो डावा गुडघा हेरला होता. त्याच्या पायातली ती सगळी ताकद कुठं गेली हे तिथं फक्त तिघांना माहीत होतं. मी ओरडलो, "वझं दे! वझं दे त्याला!" तिसऱ्या फेरीत समोरच्यानं पाय धरला तेव्हा तो ओढाओढ न करता नुसता बसला, सगळ्या अंगानिशी, आणि फिरून मागं गेला. शेवटी एका गुणानं जिंकला. माझ्या ढाकेची आठवण आजही लोक काढतात. मला विचाराल तर त्या दिवसाची खरी कुस्ती ती एका गुणाची.

संघात निवडलेल्यांना एक अर्ज भरायचा होता. त्यात मार्गदर्शकाचं नाव आणि शिक्षण असे दोन रकाने होते. आम्ही दोघांनी वस्तादांचं नाव भरून दिलं. सरांनी दोन्ही कागद वाचले.

"कॉलेजं वेगळी आणि मार्गदर्शक एकच?"

"तालीम एक हाय सर," जोडीदार म्हणाला.

"अस्सं. म्हणून सकाळी तो सगळा तमाशा? लढून मोकळे झाला असता दोघं."

"न्हाई सर," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

"बरं. शिक्षणाचा रकाना मोकळा का?"

मी बाहेर गेलो. वस्ताद लिंबाखाली परत आपलं धोतर नेसत होते.

"वस्ताद, शिक्षण काय लिहू?"

"कुणाचं?"

"तुमचं."

"मला काय इचारतोस? कॉलेजात तू जातोस." आणि धोतराचा काष्टा खोचत राहिले.

मी आत येऊन लिहिलं, तालमीत चाळीस वर्षे. जोडीदारानं माझं बघून तेच उतरवलं. सर म्हणाले, "हे शिक्षण नव्हे. हा अनुभव झाला."

"आमच्यात वेगवेगळं नसतं सर."

त्यांनी पेन उचललं, त्या ओळीवर क्षणभर धरलं. मग दोन्ही अर्ज एकावर एक ठेवले आणि शिक्का मारला.