विमानाची वरची बाजू

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू जशी आली तशी स्वीकारलेली नाही. अपवाद फक्त आमच्या मेहुणीबाईंचा, म्हणजे ताईंचा, आणि तोही, ताईंच्याच म्हणण्याप्रमाणे, मध्ये अंतरपाट होता म्हणून निभावला. चाकणच्या एका कंपनीत तेहतीस वर्षं त्यांनी क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. म्हणजे दुसऱ्याने घाम गाळून बनवलेला पार्ट हातात घ्यायचा, त्याला मापाचा व्हर्नियर लावायचा, चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचं आणि लाल टॅग बांधून बाजूला ठेवायचा. मी तळवड्याच्या एका लहानशा युनिटमध्ये स्टोअर सांभाळतो. स्टोअरवाल्याचं आणि क्वालिटीवाल्याचं पटलेलं कोणी ऐकलंय का? मला आलेला माल आत घ्यायची घाई, ह्यांना तो परत पाठवायची हौस. आमची ही त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला ‘राव’ म्हणतात, आणि त्या ‘राव’मध्येही मी तपासून बाजूला ठेवलेला पार्ट आहे असं मला कायम वाटत आलंय. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ दोन मिनिटं मागे होतं. ते त्यांनी स्टेजवरूनच परत केलं.

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, दाजींच्या खिशात व्हर्नियर असतो. आकुर्डीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पोळीची जाडी मोजली जाते, पापडाचा व्यास मोजला जातो, आणि दिवाळीत चकलीसाठी एक प्लास्टिकची कडी असते. कडीतून गेली ती चकली पाहुण्यांना, अडकली ती घरच्यांना. ताई इतक्या वर्षांत एवढ्या सरावल्या आहेत की सगळ्या चकल्या आधी मोठ्याच पाडतात, म्हणजे घरच्यांना भरपूर राहतात. एकदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा जाता जाता सोफ्याच्या मागच्या पायाला त्यांनी पिवळा टॅग बांधला : ‘होल्ड’. मला असा राग आला म्हणता! ते खाली पोचायच्या आत मी तो तोडून टाकला. पुढच्याच आठवड्यात सोफ्याचा तो पाय गेला आणि त्या वेळी सोफ्यावर मीच बसलो होतो. पण त्यांच्या अभिमानाची खरी गोष्ट निराळी. कारखान्यात कधी कधी पार्ट ड्रॉइंगप्रमाणे नसतो, पण चालण्यासारखा असतो, आणि गिऱ्हाईक तर दारात उभं असतं. अशा वेळी कोणीतरी जबाबदारी घेऊन सही करतं आणि माल सोडतं. त्याला म्हणतात ‘डेव्हिएशनवर पास’. दाजींनी तेहतीस वर्षांत अशी एकही सही केली नाही. मोठे साहेब समोर बसून चहा पाजायचे, गोड बोलायचे, आवाज चढवायचे. दाजी चहा प्यायचे आणि लाल टॅग बांधून निघून यायचे. ‘जे आहे ते आहे, जे नाही ते नाही,’ एवढंच म्हणायचे.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला तर घराचं काय होईल, याची धास्ती घेऊन त्यांच्या मुलीने त्यांना विमानाचा एक प्लास्टिकचा किट पाठवून दिला. मोठं खोकं, आत एका चौकटीला लटकलेले शे-दीडशे बारीक तुकडे; ते सुटे करायचे, घासायचे, चिकटवायचे, की खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं लढाऊ विमान तयार. दाजींनी तीन दिवस सगळे तुकडे मोजले, माहितीपत्रक वाचलं आणि निकाल दिला, की हे विमानच चुकीचं आहे. म्हणजे किट बरोबर होता हो, पण ह्यांच्या डोक्यात जे विमान होतं ते हे नव्हतं, आणि ह्यांच्या डोक्यात विमान एकच होतं. लहानपणी परभणीकडच्या त्यांच्या गावात कापसावर औषध मारायला विमान आलं होतं. दाजी तेव्हा नऊ वर्षांचे. जाऊ नको म्हणून बजावलं होतं, म्हणून अर्थातच गेले आणि कापसाच्या ओळीत उताणे पडून राहिले. विमान डोक्यावरून असं गेलं की पंखाखालच्या नळीला किती तोट्या आहेत हे त्यांनी मोजलं. एकेका बाजूला अकरा. मग ते औषध सगळं तोंडावर आलं आणि तीन दिवस डोळे लालभडक. पण तोट्या अकरा, त्यात आजतागायत बदल नाही.

त्या विमानाचा किट जगात कोणी बनवत नाही. मग दाजींनी मुलीने पाठवलेल्या लढाऊ विमानाचं फवारणीचं विमान करायला घेतलं. आधी त्याच्या बंदुका कापल्या. मग घरातल्या एकेक वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. श्रीखंडाचा डबा कापून त्याच्या पत्र्यासारख्या चकत्यांमधून पोटातली औषधाची टाकी झाली. कान साफ करायच्या काड्यांमधून पंखाखालच्या नळ्या झाल्या. ताईंच्या इन्शुलिनच्या वापरलेल्या सुया कापून बावीस तोट्या झाल्या. त्या कापताना चाळीस बिघडल्या आणि चाळिसांनाही लाल टॅग लागला, इतका लहान की तो लिहायला भिंग लागलं. टाल्कम पावडरीत चिकटद्रव्य मिसळून त्यांनी भेगा भरायची लांबी केली आणि सांधे बुजवले. वैमानिकाची काच करायला पाण्याची बाटली गॅसवर धरली, ती वितळून बर्नरवर बसली आणि त्या दिवशी सगळ्यांनी खिचडी आमच्याकडे खाल्ली. आणि किटच्या चौकटीचा तुकडा तापवून, दोन्ही हातांनी ओढून, केसाएवढी बारीक तार काढायची असते म्हणून ह्यांनी काय करावं? तर देव्हाऱ्यातलं निरांजन वापरलं. ताई म्हणाल्या, इतकी वर्षं देवासमोर एकदा हात जोडले नाहीत, आणि आता तासभर बसलेत तर तार काढायला.

सात महिन्यांत विमानाचं पोट पुरं झालं, आणि खोटं कशाला बोलू, मी बघतच राहिलो. पोटावरचे रिव्हेट, चाकाला लागलेला चिखल, टाकीच्या सांध्यातून गळलेल्या औषधाचा ओघळसुद्धा. मग मी ते उलटं केलं. पाठ कोरी. नुसतं पांढरं प्लास्टिक, त्यावर ना रंग ना रेघ. मी विचारलं, हे कधी होणार? तर म्हणाले, ‘मी खालून पाहिलंय, राव. जे पाहिलं नाही त्यावर मी सही करत नाही.’

वरून पाहिलेला माणूस होता. त्यांचे थोरले भाऊ, अण्णा. विमानाला शेताची हद्द कळावी म्हणून बांधालगतच्या टेकडीवर झेंडी घेऊन एक जण उभा करायचा होता, आणि गावाने त्यासाठी चौदा वर्षांच्या अण्णांना निवडलं होतं. अण्णा ताठ उभे राहिले, झेंडी हलवली, आणि विमान त्यांच्या पायाखालून गेलं. ही गोष्ट गावात पन्नास वर्षं चालू आहे. आमच्या लग्नातही अण्णांनी ती सांगितली होती, हातात मठ्ठ्याचा पेला घेऊन, पेल्याचं विमान करून.

पण त्या अण्णांशी दाजींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. दाजींच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापली, त्यात निमंत्रकांमध्ये अण्णांचं नावच नव्हतं. माझं होतं. म्हणजे साडूचं होतं आणि सख्ख्या थोरल्या भावाचं नव्हतं. दाजी सगळ्यांना सांगत राहिले, की प्रेसवाल्याने नाव खाल्लं. अण्णा लग्नाला आले नाहीत. त्यांच्यासाठी आणलेला फेटा तसाच पिशवीत राहिला, आणि दाजींनी फोन केला नाही, अण्णांनीही नाही. दोघेही एकाच आईचे. तेव्हा विमान पुरं व्हायचं तर अण्णांना विचारणं भाग होतं, आणि विचारायचं तर फोन करणं भाग होतं. पावसाळा संपला, दिवाळी गेली, शिमगा गेला, विमान टीव्हीशेजारी पांढऱ्या पाठीने बसून राहिलं. दाजी रोज त्याची धूळ पुसायचे. मीच एकदा म्हटलं, कुठलाही रंग मारा, कोण येतंय बघायला! चार दिवस माझ्याशीही बोलले नाहीत.

शेवटी एका रविवारी सकाळी ताईंनीच फोन लावला, दाजींच्या हातात दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात गेल्या. मी तिथेच होतो, डबा परत द्यायला आलेलो. अकरा वर्षांनी भावाशी बोलणाऱ्या माणसाने काय बोलावं? कसा आहेस, तब्येत काय म्हणते, काहीतरी. दाजी म्हणाले, ‘विमान वरून कोणत्या रंगाचं होतं?’ विचारून त्यांनी फोनचा आवाज वाढवला. मग अण्णांचा आवाज मलाही ऐकू आला. ‘निळं. पण कोणतं निळं ते तुला नाही समजायचं. म्याच येतो.’

तिसऱ्या दिवशी अण्णा आले. पांढरा शर्ट, पायजमा, टोपी, ज्वारीने भरलेलं एक ठिकं आणि पिशवीत शेंगा. ताईंनी चहा ठेवला. दाजी आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. तीत लग्नपत्रिकेचं प्रूफ होतं, अकरा वर्षं जपलेलं. खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘तपासले. ओके.’ आणि सही. वर एक लाल टॅग पिनेने टोचलेला.

‘चूक प्रेसची नव्हती,’ दाजी म्हणाले. ‘माझी होती.’

अण्णांनी तो कागद हातात घेतला, लांब धरून वाचला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि स्वतःच्या पुढ्यातली चहाची बशी दाजींकडे सरकवली. मी उगीचच शेंगा फोडत बसलो.

पुढचे आठ दिवस मात्र बघण्यासारखे होते. दाजींनी निळ्याच्या पाच छटा आणल्या, श्रीखंडाच्या डब्याच्या तुकड्यांवर मारून वाळवल्या आणि ओळीने मांडल्या. अण्णांनी एकेक तुकडा खिडकीशी नेऊन बघावा, मान हलवावी आणि परत द्यावा. हा फार गडद. हा पोलिसाच्या गाडीसारखा. हा बरा, पण उन्हात असा दिसला नसता. ज्या माणसाने साहेबांना जुमानलं नाही तो माणूस रोज सकाळी नवा रंग कालवून भावासमोर उभा राहायचा आणि रोज रिजेक्ट व्हायचा! ताई तर तोंडाला पदर लावून आत पळायच्या. दोन दिवसांसाठी आलेले अण्णा आठ दिवस राहिले. आठव्या दिवशी एका निळ्याला त्यांनी ‘हाच’ म्हटलं, आणि मला शपथेवर सांगता येईल, तो पहिल्या दिवशीचाच निळा होता.

अण्णांना वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर सोडायला मी गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या मी म्हटलं, पन्नास वर्षांनी एवढी बारीक छटा लक्षात राहते म्हणजे कमाल आहे अण्णा. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘म्या कुठं बघितलं?’ ते म्हणाले. ‘आवाज आला तशी झेंडी टाकली अन् बाभळीखाली पालथा पडलो. डोळे उघडले तवा समदं शांत. पण अकरा वर्षांनी त्यानं काही तरी इचारलं. माहीत नाही म्हनलं असतं तर फोन ठिवला असता की त्यानं.’

मग त्यांनी मला हे कोणाला सांगू नका म्हणून बजावलं, आणि गाडीत चढले. मी घरी आलो तो हेच डोक्यात घेऊन. ह्या माणसाने न पाहिलेल्या गोष्टीवर जन्मात सही केली नाही, आणि आता भावाच्या थापेवर निळी पाठ रंगवून बसलाय. सांगावं तर अण्णांचा शब्द मोडतो, न सांगावं तर माल खोटा. मी स्टोअरवाला, मी तोंड मिटून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला क्वालिटीवाल्याची दया आली.

विमान पुरं झालं आणि दाजींनी ते हॉलच्या छताला मासे पकडायच्या दोरीने टांगलं. का, तर विमान खालूनच बघायचं असतं. म्हणजे ज्या वरच्या बाजूसाठी एवढं रामायण झालं, ती आता फक्त पंख्याला दिसते.

परवा दिवाळीच्या साफसफाईला ताईंनी मला पंखा पुसायला स्टुलावर चढवलं, कारण दाजींच्या मते त्या स्टुलावर दाजींनी चढणं सुरक्षित नव्हतं. पंखा पुसता पुसता माझी नजर विमानाच्या पाठीवर गेली. निळ्या रंगावर, वैमानिकाच्या काचेमागे, नखाएवढा पांढरा टॅग चिकटवला होता. मी चष्मा पुसला आणि वाचलं. ‘वरची बाजू : कोणीही पाहिलेली नाही. डेव्हिएशनवर पास.’ खाली सही.

मी खाली उतरलो. दाजी टेबलाशी बसून चकलीची कडी घासत होते. मी म्हटलं, कोणीही म्हणजे? त्यांनी वर बघितलं नाही.

‘झेंडी खाली पडलेली मला कापसातून दिसली होती. पळत टेकडीवर गेलो. अण्णा बाभळीखाली पालथा. कपाळाला माती लागली होती, ती मीच पुसली.’

म्हणजे पन्नास वर्षं अण्णा ती गोष्ट सांगत होते, आणि अबोल्याची अकरा वर्षं सोडली तर हे समोर बसून ऐकत होते. जे आहे ते आहे म्हणणारा हा माणूस. मला रागच आला एकदम. मी म्हटलं, माहीत होतं तर फोन करून रंग कशाला विचारलात?

दाजींनी कडी उजेडात धरून बघितली.

‘दुसरं काय विचारणार होतो, राव?’

अण्णा भाऊबीजेपर्यंत राहायला येणार आहेत. फेटा ताईंनी पिशवीतून काढून इस्त्री करून ठेवला आहे, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. दाजी सकाळपासून दोनदा बाल्कनीत जाऊन आले. अण्णांना त्या स्टुलावर चढू द्यायचं नाही, एवढं एकच काम माझ्याकडे दिलं आहे, आणि ते मी मनापासून करणार आहे.