कोकिळाबाईच्या अंगणात आलेला बाण

आमच्या गल्लीतली कोकिळाबाई भांडकुदळ आहे, असं कोणी म्हणालं की मी हातातलं काम ठेवून त्याला थांबवतो. भांडते ती, नाही कोण म्हणतं? पण कशासाठी भांडते हे विचारायचं कोणाच्या मनात येत नाही, त्याचा मला संताप येतो.

माझी शाळा सातवीपर्यंतची. कोकिळाबाईची तीही नाही. ती लोणारकडच्या एका खेड्यातून लग्न करून साखरखेर्ड्याला आली. तिचा नवरा ज्ञानेश्वर माझा दोस्त, म्हणून मी तिचा भाऊजी. तिनं एकोणीस वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवली. एक हेडमास्तर नियम असूनही पोरांआधी खिचडी चाखायचं कायम टाळायचे. एक दिवस त्यांनी एकादशीचं कारण सांगितलं. कोकिळाबाईनं झारा खाली ठेवला आणि म्हणाली, "मंग पोट्ट्यायची बी एकादशीच." दीडशे पोरं ताटं घेऊन बसलेली. अखेर मास्तरांनी दोन घास खाल्ले, तेव्हा पंगत सुरू झाली. लोक अजून सांगतात की कोकिळानं मास्तरांचा उपास मोडला. त्या दिवशी एकादशी नव्हतीच, हे कोणी सांगत नाही.

तर ही बाई आमची शेजारीण. आमचं परस आणि तिचं अंगण यांच्यामध्ये तुराट्यांचा कूड आहे, एवढंच. गेल्या एप्रिलात त्या कुडातून आमचा बाण तिच्या अंगणात गेला.

बाण माझ्या नातीचा, करिष्माचा. ती नववीत. शाळेतल्या अश्विनी मॅडम तिला धनुष्यबाण शिकवतात. बुलढाण्याला निवड चाचणी होती, वीस दिवस उरले होते आणि शाळेला सुट्टी लागलेली. तिथून तीन पोरी पुढच्या शिबिराला जाणार होत्या. करिष्माला तेवढं एकच दिसत होतं. म्हणून आम्ही परसातच निशाण उभं केलं. चार पोत्यांत सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा मुसळानं ठोकून ठोकून भरलं, पोती कुडाला टेकवून रचली आणि त्यावर गोलांचा कागद लावला. मॅडमनी दोनदा बजावलं होतं, निशाणाच्या मागं काय आहे ते आधी बघा. आम्ही म्हटलं, मागं कूड आहे. कुडाच्या मागं काय, ते आम्ही पाहिलं नाही. रोजचंच अंगण, त्यात पाहायचं काय?

आठ दिवस बाण पोत्यांत नीट रुतले. नवव्या दिवशी सकाळी करिष्मानं बाण सोडला आणि रोजचा दबका आवाज आलाच नाही. तुराट्या कडकड वाजल्या. मग पलीकडून कोकिळाबाईचा आवाज आला, अगदी सावकाश.

"भाऊजी, इकडे या बरं जरा."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. जाऊन पाहतो तर बाजेवर धोतर अंथरलेलं, त्यावर ओल्या कुरडया, आणि कुरडयांतून जाऊन बाजेच्या खुरात आमचा बाण रुतलेला. ती तिथंच पाटावर बसून सोऱ्या फिरवत होती. तिच्या गुडघ्यापासून बाण हातभर लांब असेल.

"हा तुमचा हाये का?" ती म्हणाली.

"लागलं तर नाही ना वहिनी?"

"लागलं असतं तर तुमाले आवाज देला असता का म्या?"

मी बाणाला हात घालायला गेलो. तिनं माझा हात बाजूला सारला, बाण स्वतः उपटला आणि पदरात गुंडाळला. "हा आता माह्याजवळ राह्यल."

आमच्या घरात मग जे व्हायचं ते झालं. माझा मुलगा गोकुळ शेतातून आला आणि करिष्मावर तुटून पडला. लक्ष कुठं होतं, मोबाइल पाहत होतीस का, एखादा जीव गेला असता. पोरगी म्हणाली, "मी बरोबर मारला होता बाबा. मधल्या गोलातच लागला." गोकुळनं ते ऐकलं नाही. धनुष्य माळ्यावर टाकलं.

कोकिळाबाईनं गल्लीत तक्रार केली होतीच; ती ऐकून दुपारी ओसरीवर पुंजाजी आला. पुंजाजी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. दोन माणसं आणि एक लिहिलेला अर्ज सोबत. धनुष्यबाण पंचायतीत जमा करावा, मुलीनं पुन्हा हातात धरू नये, खाली तक्रारदार म्हणून कोकिळाबाईचं नाव, सहीची जागा रिकामी.

"आता मोठी झाली पोट्टी," पुंजाजी म्हणाला. "हे खूळ कायले वाढवता? उद्या सासरी बाण घेऊन जाणार हाये का?"

मला बोलायला पाहिजे होतं. मी पान लावत बसलो. तेवढ्यात कोकिळाबाई आली, हाताला गव्हाचा चीक तसाच. तिला कोणीतरी सांगितलं होतं की तुझ्या नावानं अर्ज चाललाय. अर्ज तिनं वाचून घेतला, म्हणजे करिष्माकडूनच वाचून घेतला. पोरीनं स्वतःविरुद्धचा अर्ज वाचला, आवाज न कापता.

"पुंजाजीभाऊ," कोकिळाबाई म्हणाली, "म्या तक्रार केली ते बाण आला म्हून. पोट्टीच्या हातात हाये म्हून नाही."

"एकच झालं ना वहिनी."

"एकच कसं? दिवाळीत तुमच्या ट्रॅक्टरनं माहा नळ तोडला. तवा तुमी ट्रॅक्टर पंचायतीत जमा केला का? का शेती सोडून देली?"

सोबतचा एक माणूस हसला. पुंजाजीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो चप्पल शोधायला लागला.

"मंग सही नाही करत?"

"नाही करत. माह्या अंगणाचं मी पाह्यन." मग ती माझ्याकडं वळली. "अन् भाऊजी, खूश नका होऊ. बाण काऊन आला हे मले समजत नाही, तवपर्यंत या परसातून एक बी बाण सुटणार नाही."

आता खरं सांगतो. बाण का आला हे मला तेव्हा माहीत होतं. पुंजाजी यायच्या आधी मी म्हशीला चारा टाकत होतो आणि टोपल्यातलं कुटार पाहूनच माझ्या ध्यानात आलं होतं. आमची कुटाराची रास शेतात, एप्रिलचं ऊन डोक्यावर, आणि परसात भरलेली चार पोती आयती उभी. आठवडाभर मी रोज संध्याकाळी मधल्या गोलाआडच्या पोत्याची मागची शिवण उसवून टोपलंभर कुटार काढत होतो. पुढून कागद, पोतं जसंच्या तसं. मागून पोकळ. हे समजल्यावरही मी गोकुळला काही बोललो नाही, पुंजाजीलाही नाही. मी जेवलो. भाकरीवर तेल-तिखट घेऊन दोन भाकरी खाल्ल्या. पोरगी ताटावरून उठून गेली होती.

संध्याकाळी कोकिळाबाई परसात आली. करिष्माला बोलावलं, तू कुठं उभी होती ते दाखव म्हणाली. तिथून निशाणापर्यंत चालत गेली. कागदाच्या मधल्या गोलात भोक होतं. त्यात तिनं बोट घातलं, मग कागद फाडला, बाणांनी झिजलेलं पोतं फाडलं आणि आत हात घातला. खांद्यापर्यंत हात आत गेला आणि मागच्या बाजूनं बोटं बाहेर आली.

"पोट्टी खरं बोलत होती," ती गोकुळला म्हणाली. "मधातच लागला. याच्यातलं कुटार कुठं गेलं?"

करिष्मा पोत्याकडं पाहत होती. गोकुळ करिष्माकडं. मी म्हटलं, "म्या काढलं. म्हशीले."

"कवा समजलं तुमाले?"

"दुपारी."

कोकिळाबाईनं पोत्यातून हात बाहेर काढला. मग म्हणाली, "पोट्टीले बोलणी खाऊ देली, अन् तुमी जेवले?"

इतक्या वर्षांत मला इतकं लागेल असं कोणी बोललं नव्हतं. गोकुळनं मान खाली घातली आणि माळ्यावरून धनुष्य काढून आणायला गेला.

मी म्हटलं, उद्याच पोती पुन्हा गच्च भरतो. तर या बाईनं काय म्हणावं? "भरसान, अन् पुढच्या हप्त्यात पुन्हा म्हशीले घालसान. ढोर खाणार नाही असं काहीतरी भरा. अन् माह्या घराकडं तोंड करून तर बिलकुल नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं गल्लीत घरोघर फिरून जुनी लुगडी, चिंध्या, फाटक्या गोधड्या गोळा केल्या. निशाण उलट्या बाजूला नेलं, आमच्या गोठ्याच्या दगडी भिंतीकडं, जिथं खिडकी नाही की दार नाही. बाण दगडावरून उसळू नये म्हणून गोकुळनं भिंतीला लागून ट्रॉलीभर माती पुरुषभर उंच रचली. अश्विनी मॅडम येऊन सगळं पाहून गेल्या. फक्कीची रेघ मारली. सगळे रेघेच्या मागं असल्याशिवाय बाण दोरीला लावायचा नाही, आणि वेचायला जायचं तर धनुष्य खाली ठेवून सगळ्यांनी एकदमच. कोकिळाबाईनं त्यात आपलं घातलं. रोज सकाळी सहाला ती पोत्यांत हात खुपसून पाहणार, कुडावर लाल फडकं बांधणार, आणि तिनं 'हाव', म्हणजे हो, म्हटल्यावरच पहिला बाण. पदरातला बाणही तिनं तेव्हाच परत दिला, त्याचं टोक नीट आहे का ते मॅडमला विचारून.

या सगळ्यात उरलेल्या बारातले पाच दिवस गेले. करिष्माला सरावाला सातच मिळाले. बुलढाण्याला ती चौथी आली. दोन गुण कमी पडले. तीन पोरी गेल्या. पुंजाजी पारावर म्हणाला, बरं झालं, सुटलं खूळ. मी या वेळी पान लावत बसलो नाही. म्हटलं, ते पाच दिवस माझ्या म्हशीनं खाल्ले, पोरीनं नाही वाया घालवले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे.

तेव्हापासून रोजचं चालूच आहे. म्हैस सकाळची लिंबाखाली, गोठा रिकामा. परवा धार काढायची चरवी गोठ्यात राहिली म्हणून मी सरळ निघालो. घर माझं, परस माझं, गोठा माझा.

"मागं व्हा भाऊजी," कुडापलीकडून आवाज आला.

"चरवी घ्यायची हाये बाई, दोन मिनिटं."

"साडेसातले घ्या. पोट्टीचे अजून अठरा बाण हायेत."

करिष्मानं बाण दोरीवरून उतरवला आणि खाली केला. माझ्याकडं पाहिलं नाही, हसलीही नाही. म्हैस तिकडं हंबरत होती. मी रेघेच्या मागं येऊन उभा राहिलो, आणि मग कोकिळाबाई म्हणाली, "हाव."